बाबांची खुकरी आणि मालवण ते कारवार चार दिवस

आमच्या बाबांना दीवला जायचं होतं, म्हणजे गेली दहा-बारा वर्षं ते दर डिसेंबरला म्हणायचे की एकदा तिथलं खुकरी या युद्धनौकेचं स्मारक बघून येऊया आणि दरवर्षी काही ना काही निघायचं, कधी माझ्या शाळेच्या परीक्षा, कधी आईचं आजारपण, मग करोना, आणि आता ते ७५ च्या पुढे गेले, गुडघे गेले, डाव्या कानाने जवळपास ऐकूच येत नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं की एवढा लांबचा प्रवास नको. त्या दिवशी घरी आल्यावर पडवीत बसून म्हणाले, "माका दीवाक जावचा होता, पण आता ह्या पायांनी खय जातलंय." मला ते ऐकवेना. मग मी आणि माझा लेक (अकरावीत आहे) दोघांनी ठरवलं की दीव नाही तर नाही, आपल्याच किनाऱ्याने खाली कारवारपर्यंत जाऊ, वाटेत जिथे जिथे आपल्या माणसांची आठवण जपलीय तिथे थांबू, आणि ९ डिसेंबरच्या रात्री बाबांना समुद्रावर न्यायचं.

९ डिसेंबर का ते सांगते. बाबा नेव्हीत स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळावर ट्रेनिंग झालं आणि पहिलीच मोठी पोस्टिंग मिळाली आयएनएस खुकरीवर, बॉयलर रूममध्ये. ७१ साली युद्धाच्या काही महिने आधी त्यांचा ड्राफ्ट म्हणजे बदलीचा हुकूम आला, कोर्ससाठी परत लोणावळा. ते उतरले आणि जहाज पुढे गेलं. ९ डिसेंबर १९७१ ला रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीच्या टॉर्पेडोने खुकरी बुडाली, काही मिनिटांत. १८ ऑफिसर आणि १७६ नौसैनिक गेले, ६७ जण वाचले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं. बाबांना मुल्लासाहेबांचा अभिमान आहेच पण त्यांच्या बोलण्यात येतात ती त्यांच्या मेसडेकवरची, म्हणजे जहाजावर जिथे राहायचे-जेवायचे तिथली, पोरं. एका हॅमॉकशेजारी दुसरा हॅमॉक बांधून झोपलेली विशी-बाविशीतली पोरं. निघायच्या आदल्या रात्री बाबांनी मागच्या वर्षीच्या कालनिर्णयाच्या पानाच्या पाठीवर त्यांची नावं लिहून काढली, अकरा नावं, आणि कागद चार घड्या करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

६ डिसेंबर, मालवण ते वास्को

सकाळी सातला निघायचं म्हणून साडेआठला निघालो. चौक्यावरून कुडाळ, पुढे झारापला हायवेला लागलं की रस्ता मस्त आहे, बाबा पुढच्या सीटवर, पायाखाली उशी. बांद्याला थांबून घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली, बाबांनी दोनदा चहा घेतला.

पहिला थांबा पत्रादेवी. गोव्यात शिरताना चेकपोस्टच्या इथे हुतात्मा स्मारक आहे, आम्ही आयुष्यात शंभर वेळा तिथून गेलो असू, कधी म्हापशाला, कधी बांबोळीच्या हॉस्पिटलला, पण कधीच गाडी थांबवली नव्हती. मला त्याची खरंच लाज वाटली. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही हातात झेंडा घेऊन, बिनहत्यारी, इथून आणि सीमेवरच्या बाकीच्या ठिकाणांहून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीला मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागली, तेव्हा पंजाबातल्या इसरू गावच्या कर्नेलसिंगने पुढे होऊन झेंडा धरला आणि तो तिथेच गेला. सहोदराबाई वाचल्या, पुढे खासदार झाल्या. कुठे इसरू, कुठे पत्रादेवी. त्या पोराने समुद्र तरी बघितला होता की नाही देव जाणे, आणि आमच्या शेजारच्या मुलखासाठी येऊन मेला.

बाबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे असतील, त्यांना आठवतं की बांद्याकडून कुणीतरी नातेवाईक रात्री आले होते आणि मोठी माणसं दिवा बारीक करून बोलत होती. ते हुतात्मे लढाईतले जवान नव्हते तरी बाबांनी चप्पल काढून, काठी लेकाच्या हातात देऊन, सरळ उभं राहून सॅल्यूट केला. मग म्हणाले, काय लिहिलंय ते वाच, आणि मोठ्याने वाच. लेक वाचायला लागला तर, "अरे मोठ्यान, माका आयकाक येवक व्हया." तो ओरडून वाचायला लागला तसे शेजारी गाडी लावून उभे असलेले दोघं-तिघं पण येऊन उभे राहिले. एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याने टोपी काढली.

वास्कोला पोचेस्तोवर दुपार झाली. बाकी दिवस आराम.

७ डिसेंबर, बोगमाळो आणि काणकोण

बोगमाळोच्या रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, १९९८ ला सुरू झालेलं. सोमवारी बंद असतं, जाणार असाल तर बघून जा. बाहेर आवारात विमानं उभी आहेत, सी हॉक, सी हॅरियर, ते भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन, आणि शाळेच्या सहलीची पोरं सगळीकडे धावत होती.

बाबा मात्र सरळ अलिझेकडे गेले. हे आमचं विक्रांतवरचं पाणबुडी शोधणारं विमान, नाकाशी एक पंखा, आत तिघं बसायचे. मला वाटलं जुनी ओळख असेल म्हणून बघतायत. तर ते लेकाला सांगायला लागले की खुकरी बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, एक अलिझे हँगोरच्या शोधावर होतं, आणि त्याला पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडलं. तिघंही गेले. म्हणजे जी पाणबुडी आपल्या १९४ माणसांना घेऊन गेली तिला शोधायला गेलेली तीन माणसं पण परत आली नाहीत. मला हे माहीतच नव्हतं, घरात लहानपणापासून खुकरीच्या गोष्टी ऐकून सुद्धा. बाबा म्हणाले ते तीन आमच्या हिशोबात धरायचे. त्या विमानाच्या पंखाखाली सावली होती, तिथे ते दहा मिनिटं उभे राहिले, सहलीतली एक छोटी मुलगी येऊन विचारून गेली, आजोबा हे तुमचं विमान आहे का. ते म्हणाले नाही बाळा, माझ्या मित्रांचं.

वास्कोलाच आयएनएस गोमंतक या नौदलाच्या तळावर आणखी एक स्मारक आहे, १९६१ च्या ऑपरेशन विजयचं. तळाच्या आत आहे त्यामुळे आपल्याला असं उठून जाता येत नाही, पण गोष्ट सांगायलाच हवी कारण गोवा मुक्तीचं नाव काढलं की आपल्याकडे एक समज आहे की सैन्य चालत गेलं आणि झालं. कारवारजवळचं अंजदीव बेट घ्यायला १८ डिसेंबर १९६१ ला आपली जहाजं गेली, त्रिशूल आणि म्हैसूर. बेटावर पोर्तुगीजांनी पांढरं निशाण दाखवलं, आपले नौसैनिक उतरले आणि मग त्यांच्यावर गोळीबार झाला. सात नौसैनिक गेले. बेट दुसऱ्या दिवशी ताब्यात आलं. गोमंतकवरचं स्मारक त्या सात जणांच्या आणि त्या मोहिमेत गेलेल्या बाकीच्यांच्या नावाने आहे. आम्ही बाहेरच्या रस्त्यावरून गाडी हळू नेली, बाबांनी काच खाली करून हात कपाळाला लावला.

संध्याकाळी काणकोण, मावसबहिणीचं सासर. बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. बाबा नऊला झोपले.

८ डिसेंबर, कारवार

पोळेची हद्द ओलांडून माजाळी, मग काळी नदीचा पूल. इथला जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये रात्री कोसळला होता, आता सगळी वाहतूक नव्या पुलावरून. नदी समुद्राला मिळते तिथे पाणी इतकं रुंद आहे की लेक म्हणाला ही खाडी नाही, समुद्रच आहे. कारवारात मराठी सगळ्यांना कळतं, कोकणी तर आहेच, बाबांचं मालवणी आणि लॉजवाल्याची कारवारी कोकणी अशी काय जुळली की आम्हाला समुद्राकडची खोली मिळाली.

दुपारी ऊन उतरल्यावर टागोर बीचवर गेलो. तिथे वाळूच्या कडेला, जमिनीवर, अख्खी बोट उभी आहे. आयएनएस चपळ. मिसाइल बोट. साधारण ३८ मीटर लांब, दोन्ही बाजूला मिळून चार मिसाइलचे लाँचर, पुढे-मागे तोफा. बऱ्याच जणांना वाटतं की ही ७१ साली कराचीवर गेलेल्या बोटींपैकी एक. ते तसं नाही. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या बोटींनी, म्हणून तर ४ डिसेंबरला नेव्ही डे असतो. चपळ त्यांची पुढची पिढी, १९७६ ला नौदलात आली, २००५ ला निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी इथे म्युझियम झालं. बाबांना हे पाठ असण्याचं कारण म्हणजे नंतरच्या काळात ते हिच्याच एका बहिणीवर होते, अगदी अशीच बोट, इंजिन रूममध्ये.

मला काळजी होती की ते शिडी कसे चढणार. ते चढले. एक हात लेकाच्या खांद्यावर, एक कठड्यावर, पाच मिनिटं लागली पण चढले, आणि वर पाय ठेवल्याबरोबर त्यांची चालच बदलली हो, मी खोटं सांगत नाही. घरात उंबरठा ओलांडताना भिंत धरणारा माणूस तिथे दार येण्याआधीच पाय उचलत होता आणि डोकं वाकवत होता, कारण जहाजावरच्या दाराला खाली उंच चौकट असते आणि वर डोकं आपटतं. अंगात होतं ते सगळं. लेक पाठ करून शिडी उतरायला लागला तर त्याला थांबवलं, "शिडीकडे तोंड करून उतराचा. बोट हलता तेवा पाठ करून उतरलेलो खाली जाता."

आत नौसैनिकांचे पुतळे ठेवलेत, कुठे कोण बसायचं ते कळावं म्हणून. बाबा एका लोखंडी फळीपाशी थांबले, रंग उडालेला होता तिथे हात फिरवला. म्हणाले या जातीच्या बोटीला तीन डिझेल इंजिनं, एकेकाला ५६ सिलिंडर, तिन्ही एकदम चालू झाली की शेजारच्या माणसाचे ओठ हलताना दिसायचे फक्त, हातवाऱ्यांवर काम चालायचं. मला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की बाबांचा डावा कान का गेला. आम्ही घरात सगळे त्यांच्यावर वैतागतो, टीव्ही किती मोठा लावता, किती वेळा सांगायचं, वगैरे. तो कान त्यांनी त्या इंजिनाला दिलाय. एवढ्या वर्षांत त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही आणि मी पण कधी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर बोटीशेजारीच पुतळा आहे, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, परमवीर चक्र. जन्म १९१८, गाव कारवारजवळचं चेंडिया, वडील पोलिसात. राणे १९४० ला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात बर्मात होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली, वरून तोफांचा मारा, आणि यांना रस्ता मोकळा करून द्यायचा होता. ८ तारखेला कामाला लागतात न लागतात तोच त्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्या पाचांत स्वतः राणे. तरी हटले नाहीत, ११ तारखेपर्यंत काम चालूच. रणगाड्याच्या खाली सरपटत पुढे जायचे, ड्रायव्हरला खुणावायला हातात दोऱ्या, एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेल्या अगदी पहिल्यांपैकी ते एक. पुढे मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ ला पुण्यात गेले.

लेकाने पाटी मोठ्याने वाचली. बाबांनी विचारलं, ते दोन जवान कोण? त्यांची नावं? लेकाने पुन्हा वाचून बघितलं, म्हणाला इथे नाहीत आजोबा. बाबा काही बोलले नाहीत. पण रात्री जेवताना (तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं फार सुंदर होतं, ते त्यांनी नुसतं चिवडलं) मधेच म्हणाले, राणेसाहेब जिवंत असते तर त्यांनी पहिलं त्या दोघांचं नाव लिहायला लावलं असतं.

मला पण तेच वाटतं. आपल्याकडे गावागावात स्मारकं आहेत, आणि मी एक ठिकाण बघितलंय, गावाचं नाव नाही लिहीत, तिथे संगमरवरावरची नावं पुसत पुसत नुसत्या रेघा राहिल्यात आणि उद्घाटन कुणी केलं त्याची पाटी मात्र पितळेची, दरवर्षी पॉलिश होते. मला याचा राग येतो. दगड छोटा असू दे, बाग नसू दे, फुलं नसू देत, पण नाव वाचता आलं पाहिजे.

मग लेकाने एक गोष्ट केली. तो गेल्या वर्षी शाळेबरोबर दिल्लीला जाऊन नॅशनल वॉर मेमोरियल बघून आला होता, इंडिया गेटच्या मागे साधारण ४० एकरांत पसरलेलं, फेब्रुवारी २०१९ ला झालं. एकात एक चार चक्रं आहेत, मध्ये अमर चक्र, तिथे स्तंभ आणि ज्योत, मग वीरता चक्र, मग त्याग चक्र, आणि सगळ्यात बाहेर रक्षक चक्र म्हणजे झाडांची रांग, पहारा दिल्यासारखी. त्याग चक्राच्या भिंती ग्रॅनाइटच्या विटांच्या, प्रत्येक विटेवर एक नाव. उघडलं तेव्हा २५,९४२ नावं होती. वीट म्हणजे कशी, तर आपल्या देवघरातल्या फोटोएवढी, आणि त्यावर नाव, हुद्दा, नंबर. तिथे नाव शोधायची सोय आहे आणि मोबाइलवर पण शोधता येतं. तो बाबांना म्हणाला, आजोबा तो कागद द्या.

रात्री अकरापर्यंत दोघं पलंगावर बसून होते. नेट मधेच जायचं. स्पेलिंग जुळायचं नाही, बाबा सांगणार मराठीत, तिथे इंग्रजीत काय लिहिलं असेल याचा अंदाज बांधायचा. पहिलं नाव सापडलं तेव्हा लेकाने नाव वाचलं, हुद्दा वाचला आणि मग सर्व्हिस नंबर वाचायला लागला, तर अर्ध्यावर बाबांनीच पुढचे आकडे म्हणून टाकले. ५० वर्षांहून जास्त काळ झाला. ज्या माणसाला सकाळी बीपीची गोळी घेतली की नाही आठवत नाही त्याला मित्राचा नंबर आठवत होता. लेक म्हणाला बरोबर आहे आजोबा. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, म्हणाले, "ह्यो नंबर बरोबर आसा. पुढचो बघ."

अकरापैकी नऊ सापडले.

९ डिसेंबर, कारवार

दिवसभर फार काही केलं नाही. सकाळी बाजारात जाऊन अबोलीचे गजरे घेतले, बाबा म्हणाले हार नको, गजरे बरे. अंजदीव कुठे ते बाबांनी लॉजवाल्याला विचारलं, त्याने दक्षिणेकडे हात केला, ते बेट आता नौदलाच्या तळाच्या आत आहे, बघायला जाता येत नाही. बाबा त्या दिशेला तोंड करून थोडा वेळ बसले.

रात्री आठला समुद्रावर गेलो. अंधार होता, दूर बंदराकडचे दिवे, आणि बाहेर खोल पाण्यात मासेमारीच्या बोटींचे दिवे. बोचरा वारा होता म्हणून मी बाबांना मफलर बांधली, ती त्यांनी उजव्या कानावरून काढली, ऐकू येत नाही म्हणाले. लॉजवरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची ओल्या वाळूच्या अलीकडे ठेवली होती पण ते बसले नाहीत. चप्पल काढली, पॅन्ट घोट्याच्या वर दुमडली आणि पाणी पायाला लागेल तिथपर्यंत गेले. पावणेनऊला लेकाला म्हणाले, वाच.

लेकाने मोबाइलच्या उजेडात कालनिर्णयाचा कागद धरला. आधी सापडलेले नऊ, मग न सापडलेले दोन, आणि शेवटी अलिझेवरचे तिघं, ते त्याने रात्री स्वतःहून खाली पेनने लिहिले होते, बाबांना माहीत नव्हतं. तो एकेक नाव पूर्ण वाचत होता, वडिलांच्या नावासकट जिथे माहीत होतं तिथे, आणि प्रत्येक नावावर बाबा त्याचं मेसमधलं नाव सांगत होते. हा मास्तर, याला सगळ्यांची पत्रं लिहून द्यायची सवय. हा गवळी, दूध नासलं तरी पिणारा. याला आम्ही नवरदेव म्हणायचो, सुट्टीत लग्न करून आला होता, एकवीस दिवसांची सुट्टी. हा केरळचा, याला मी कोकमाचं सार प्यायला शिकवलं. मी गजऱ्यातली फुलं सोडून पाण्यात टाकत होते, लाट ती परत पायाशी आणून टाकत होती.

शेवटच्या तीन नावांपाशी बाबा गप्प झाले. मग विचारलं हे कोण. लेक म्हणाला, अलिझेवाले, तुम्हीच म्हणाला होतात ना हिशोबात धरायचे. लाटेचा आवाज मोठा होता. बाबांनी त्याच्याकडे चांगला कान केला, दंड धरून त्याला जवळ ओढलं आणि म्हणाले, "परत वाच. मोठ्यान."

त्याने परत वाचली.